जर्मनमधला साधा भूतकाळ, म्हणजे प्रेटेरिटुम, शिकायलाच हवा का? बोलताना तर कोणी वापरत नाही म्हणतात.

शिकायलाच हवा. "बोलताना कोणी वापरत नाही" हे वाक्य मी जर्मनीत आल्यापासून ऐकतेय, तेही आपल्याच माणसांकडून. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी आठ महिने एक चुकीचा कागद जपून ठेवला होता. म्हणून उत्तर लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की बी-वनची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे, परफेक्ट, म्हणजे 'हाबेन' किंवा 'झाइन' जोडून होणारा दुसरा भूतकाळ, चांगला येतो आणि क्लासमधला मित्र म्हणतो की प्रेटेरिटुम सोडून दे. रूपं कशी बनतात आणि ती कुठे वापरतात, असंही विचारलंय. रूपांचं आधी संपवते, कारण त्यात अवघड असं थोडंच आहे.

नियमित क्रियापदाला मधे 'टे' लागतो: माखेन, इश माख्टे, डू माख्टेस्ट, वीर माख्टेन. धातूच्या शेवटी ट किंवा ड असेल तर उच्चारासाठी आणखी एक 'ए' येतो, जसं आर्बाइटेनचं आर्बाइटेटे. अनियमित क्रियापदांत आतला स्वर बदलतो आणि 'टे' येत नाही: गेएन-गिंग, कोमेन-काम, झेएन-झा, श्राइबेन-श्रीप, फारेन-फूर. काही दोन्ही करतात, स्वरही बदलतात आणि 'टे'ही घेतात: ब्रिंगेन-ब्राख्टे, डेंकेन-डाख्टे, विसेन-वुस्टे. सीझरचं "मी आलो, मी पाहिलं, मी जिंकलो" जर्मनमध्ये "इश काम, इश झा, इश झीक्टे" असं होतं. पहिली दोन अनियमित, तिसरं नियमित. एवढं एक वाक्य पाठ असलं तरी दोन्ही साचे हाताशी राहतात.

आपली मुलं हमखास चुकतात ती 'एर'च्या रूपात. वर्तमानकाळाच्या सवयीने 'एर गिंग्ट' लिहितात. तसं नसतं. 'मी' आणि 'तो' यांचं रूप प्रेटेरिटुममध्ये एकच असतं: इश गिंग, एर गिंग. इश माख्टे, एर माख्टे. दुसरी चूक उमलाउटची, म्हणजे स्वरावरच्या दोन टिंबांची. क्योनेनचा (शकणे) भूतकाळ कॉन्टे, उमलाउट गळतो. तो ठेवलात तर क्यॉन्टे होतं आणि अर्थ 'शकलो'चा 'शकलो असतो' किंवा 'शकेन का' होतो. हाटे आणि हेटे यांचंही तेच. "इश हाटे त्साइट" म्हणजे वेळ होता, "इश हेटे त्साइट" म्हणजे वेळ असता तर. वरच्या दोन टिंबांनी असलेला वेळ नसलेला होतो.

अनियमित रूपांना घाबरून लोक हा काळ सोडतात, हे मला पटतच नाही. आपण जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, दे-दिला म्हणतोच ना? लहानपणी प्रत्येकाने 'करलं' म्हटलेलं असतं आणि आईने 'केलं' असं सुधारलेलं असतं. जर्मन मुलंही आधी 'गेटे' म्हणतात आणि मग 'गिंग'वर येतात. शिवाय मराठी भूतकाळात 'मी पुस्तक वाचलं, मी पोथी वाचली' असं कर्माप्रमाणे क्रियापद वळवावं लागतं. जर्मनमध्ये तो भाग नाही. मराठी माणसाला हा काळ अवघड जायचं खरं तर कारण नाही.

क्लासात एक गोष्ट मात्र सर्रास चुकीची सांगतात. प्रेटेरिटुम म्हणजे 'मी गेलो' आणि परफेक्ट म्हणजे 'मी गेलो आहे'. हे इंग्रजीच्या तासातून उचललेलं आहे. "इश बिन गेस्टर्न गेगांगेन" हे पूर्ण बरोबर वाक्य आहे आणि त्याचा अर्थ सरळ 'मी काल गेलो' असा होतो. दोन्ही काळ बहुतेक वेळा तीच घटना सांगतात. फरक पडतो तो कोण, कुठे, कुणाला आणि तोंडी की कागदावर सांगतोय याने.

याला मराठीत एक जवळची जोड आहे. "राजा रोज पहाटे उठे, नदीवर जाई, देवाची पूजा करी." हा आपला रीतिभूतकाळ. घरात कोणी "आजोबा रोज फिरायला जात" म्हणत नाही, "जायचे" म्हणतो. पण ज्याला 'जाई' आणि 'करी' कळत नाही, त्याला गोष्टीचं पुस्तक वाचता येणार नाही. प्रेटेरिटुमचं स्थान दक्षिण जर्मनीत साधारण असं आहे. अर्थ वेगळा, कारण आपला काळ सवय सांगतो आणि त्यांचा घडलेली गोष्ट. आपलं 'आटपाट नगर होतं' तसं त्यांचं 'एस वार आइनमाल', आणि तिथून पुढे सगळी गोष्ट प्रेटेरिटुममध्येच चालते.

आता माझ्या कागदाबद्दल.

मी श्टुटगार्टपासून रेल्वेने चाळीसेक मिनिटांवरच्या एका गावात, सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात होते. चौथ्या वर्षी आमचे साहेब निवृत्त व्हायला निघाले. कॅन्टीनमध्ये एक सहकारी म्हणाली, ते जायच्या आत त्स्विशेनत्सॉयग्निस मागून घे, नवीन माणसाला तुझं काम काय माहीत? जर्मनीत नोकरी सोडताना कामाचं लेखी प्रमाणपत्र मिळणं हा हक्क आहे, गेवेर्बेओर्डनुंग कायद्याच्या कलम 109 मध्ये तो लिहिलेला आहे. नोकरी चालू असताना, साहेब बदलताना वगैरे, जे घेतात ते त्स्विशेनत्सॉयग्निस, म्हणजे मधलं प्रमाणपत्र. मी अर्ज दिला. तीन आठवड्यांनी दोन पानं आली, जाड कागद, खाली दोन सह्या.

त्याच रविवारी माझा आतेभाऊ म्युनिकहून आला होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. माझ्या आधी सात वर्षं तो इथे आलेला, जर्मन फाडफाड बोलतो, भाड्याच्या घरापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं त्यानेच निभावलेलं. मी कागद त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "दादा, यात सगळं भूतकाळात का आहे रे? 'झी वार टेटिश', ती कामाला होती, 'झी बेआर्बाइटेटे', 'झी एरलेडिश्टे', तिने अमुक काम हाताळलं, पार पाडलं. मी तर अजून तिथेच आहे."

तो म्हणाला, "अगं, लिखाणातली भाषा अशीच असते. पेपरात बघ, सगळीकडे माख्टे आणि झाक्टे. तुला पुण्यातल्या बाईंनी नुसते तक्ते पाठ करून घेतले, म्हणून तुला असलं दिसतं. छान लिहिलंय, ठेवून दे."

आमच्या बाईंनी खरंच तक्ते पाठ करून घेतले होते. गेएन-गिंग-गेगांगेन, एका सुरात, वर्गाच्या भिंती हलतील असे. त्या तक्त्यांमुळेच मला 'एरलेडिश्टे'च्या शेवटचा तो भूतकाळाचा 'ए' दिसला होता. पण दादा इतकी वर्षं इथे राहिलेला, मला वाटलं त्यालाच कळत असणार. मी कागद फाइलला लावला.

आठ महिन्यांनी उल्मच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. कर्मचारी विभागातल्या बाईंनी कागदपत्रं चाळली आणि विचारलं, तिथली नोकरी कधी सोडलीत? मी म्हटलं, सोडलेली नाही, उद्या सकाळी कामावर जायचंय. त्यांनी ते पान माझ्याकडे वळवलं आणि 'एरलेडिश्टे' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पेन ठेवलं. नोकरी चालू असेल तर इथे 'एरलेडिश्ट' हवं, त्या म्हणाल्या. मधलं प्रमाणपत्र वर्तमानकाळात लिहितात, नोकरी संपल्यावरचं प्रेटेरिटुममध्ये. हे वाचून कोणालाही वाटेल की तुम्ही तिथून गेलात आणि सांगत नाही आहात. त्या अगदी सौम्यपणे बोलत होत्या, पण माझे कान तापले. आठ महिने मला ते ठाऊक होतं आणि मी विचारायला गेले नव्हते.

बेआर्बाइटेट, बेआर्बाइटेटे. एरलेडिश्ट, एरलेडिश्टे. शेवटचा एक 'ए'. माझी नोकरी आहे की होती, हे त्या अक्षरावर ठरत होतं.

उल्मची नोकरी मिळाली नाही. त्या कागदामुळे मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, कारणं कोणी कळवत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आमच्या बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कामगारांच्या निवडून दिलेल्या मंडळाकडे गेले. तिथल्या गृहस्थांनी पान वाचायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. नोकरी सोडून जाणाऱ्यांचा नमुना घेऊन त्यात माझं नाव भरलं होतं. दुरुस्तीचं पत्र दिलं, नवा कागद आला, सगळी क्रियापदं वर्तमानकाळात. जाता जाता त्यांनी हेही शिकवलं की 'श्टेट्स त्सु उन्सरर फॉल्स्टेन त्सुफ्रीडेनहाइट', म्हणजे 'कायम आमचं पुरेपूर समाधान होईल असं काम', हा पहिला नंबर, 'फॉल्स्टेन'च्या जागी 'फॉलेन' आलं की दुसरा, आणि 'झी बेम्युटे झिश', म्हणजे 'तिने प्रयत्न केला', असं कुठे दिसलं तर काम जमलं नाही असा अर्थ घ्यायचा. शब्दकोश पाहून हे कळत नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "ते कायद्याचं झालं, भाषेचं नाही. मी इतकी वर्षं म्युनिकमध्ये आहे, मला एकदाही 'गिंग' म्हणावं लागलेलं नाही." हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला निघतो, आणि त्यातला बोलण्याचा भाग मी त्याला कायम मान्य करते. म्युनिकमध्ये नाहीच म्हणावं लागत. बव्हेरियाच्या बोलीत प्रेटेरिटुम जवळजवळ 'वार' (होतो) आणि 'वोल्टे' (हवं होतं) एवढ्यापुरताच उरलाय. श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या भागात, 'मी होतो'साठीही 'इ बेन ग्वे' म्हणतात. स्वित्झर्लंडच्या बोलींत तर हा काळ उरलेलाच नाही. हे काही आजचं नाही, दक्षिणेतल्या बोलींतून तो 16 व्या शतकाच्या आसपासच ओसरला. त्याचं एक कारण असं देतात की दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा 'ए' बोलण्यात गळायला लागला. 'एर झाक्टे' म्हणजे तो म्हणाला. 'ए' गळला की उरतं 'एर झाक्ट', म्हणजे तो म्हणतो. आज की काल हेच कळेना, म्हणून लोक परफेक्टकडे वळले.

म्हणजे दादाच्या गावाने बोलण्यातून टाकला तोच 'ए' माझ्या कागदावर होता. त्याच्या कानाला तो कधी लागलाच नाही, म्हणून डोळ्यालाही दिसला नाही. दादाची जर्मन वाईट नाही, पण ती एका शहरातल्या तोंडांवरून शिकलेली आहे. त्याने तेवढीच भाषा असते असं धरून दुसऱ्यांना सल्ले द्यावेत, हे मला मान्य नाही. तुमच्या मित्राचंही तसंच दिसतंय.

आणि 'कोणी बोलत नाही' हे दक्षिणेतही पूर्ण खरं नाही. प्रमाण जर्मन बोलताना वार, हाटे, कॉन्टे, मुस्टे, वोल्टे, डुर्फ्टे सगळीकडे ऐकू येतात. "इश वुस्टे दास निश्ट" (मला हे माहीत नव्हतं) किंवा "एस गाप" (अमुक होतं) म्हणायला कोणी बिचकत नाही. उत्तरेला, हांबुर्गकडे, गिंग आणि काम गप्पांमध्येही येतात. बातम्या, पोलिसांची निवेदनं, चरित्रं, तुमच्या परीक्षेतले वाचनाचे उतारे, हे सगळं मुख्यतः प्रेटेरिटुममध्ये असतं. 2024 मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेंबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून आपल्याकडून नर्सिंगची बरीच मुलंमुली हीच भाषा शिकताहेत. त्यांना वॉर्डात ऐकू येईल 'ग्वे', पण रुग्णाच्या कागदावर असेल 'दी आउफनामे एरफोल्क्टे', दाखल करण्यात आलं. दोन्ही लागणार.

तुम्ही किती क्रियापदं पाठ करू असं विचारलंय. अनियमित क्रियापदं दीडदोनशेच्या घरात आहेत, पण बी-वनला सगळी लागत नाहीत. आधी झाइन (असणे), हाबेन (जवळ असणे), वेर्डेन (होणे) आणि मोडाल क्रियापदं, म्हणजे शकणे, लागणे, हवं असणे अशा अर्थाची, ही बोलायलाही हवीत. मग वाचताना जी भेटतील ती, तिन्ही रूपं एका दमात म्हणून. बाकीची रूपं ओळखता आली तरी सध्या पुरे, लिहिता आलीच पाहिजेत असं नाही.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: तोंडी परीक्षेत सुट्टीत काय केलं असं विचारलं तर "इश गिंग, इश आस, इश श्लीफ" असं सलग सुरू करू नका. व्याकरण चुकत नाही, पण कोणीतरी गोष्ट वाचून दाखवतंय असं वाटतं. तिथे परफेक्टच वापरा, आणि मधे वार, हाटे, वोल्टे येऊ द्या. तिथपर्यंत तुमच्या मित्राचं बरोबर आहे.