दळण बारीक करण्याआधी उधारी मोडा

एका वराहपालक वाचकांनी विचारलंय, नवी गिरणी कर्जावर घेऊ का? ते एका वेळी १०० डुकरं वाढवतात. ३० किलोंची पिल्लं आणून १०५ किलोंना विकतात, वर्षाला तीन बॅच. मका जुन्या हॅमर मिलवर, म्हणजे फिरत्या लोखंडी पट्ट्यांनी दाणा फोडणाऱ्या गिरणीवर, भरडतात आणि विष्ठेत मक्याचे तुकडे दिसतात. विक्रेत्याचं म्हणणं, नवं यंत्र ३०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक दळेल आणि १५% खाद्य वाचेल. पत्राच्या शेवटी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. मका आणि पेंड उधारीवर येते, बॅच विकली की हिशोब मिटतो, दर रोखीपेक्षा ८% जास्त. आणि एक १५ वर्षांची बचत-विमा पॉलिसी आहे, ‘तिच्या पैशातून पुढे कर्ज फेडता येईल’.

हिशोब सोपा राहावा म्हणून पत्रातली प्रत्येक रक्कम मी टनभर खाद्याच्या रोख दराने मोजली आहे. यंत्र ३० टनांचं, म्हणजे ३० टन खाद्याच्या किमतीचं. तुमच्याकडे शिल्लक ६ टनांची, म्हणजे कर्ज २४ टनांचं, व्याज १२%. पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टन. तीन हप्ते भरून झालेत, चौथा पुढच्या महिन्यात आहे. आज पॉलिसी मोडली तर १२ टन हातात येतात.

आधी गिरणी. तुमची शंका रास्त आहे. डुकराच्या लहान आतड्यातून खाद्य काही तासांत पुढे सरकतं, तेवढ्या वेळात पाचक रसांना दाण्यातल्या पिठापर्यंत पोचावं लागतं. दाणा जाड राहिला की आतलं पीठ पेशींच्या भिंतीआड अडकतं आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. तिथे त्यातून मिळणारी ऊर्जा कमी. म्हणून दळण बारीक झालं की खाद्य अंगी लागतं. अंदाजाचा नियम असा, की सरासरी कण १०० मायक्रॉनने बारीक झाला की खाद्याची बचत एक-सव्वा टक्का.

आता १५% चं बघू. तुमचा भरडा आज १००० मायक्रॉनचा धरला आणि तो थेट ३०० वर नेला, तरी या नियमाने जास्तीत जास्त पावणेनऊ टक्के होतात. विक्रेत्याने त्याच्या जवळपास दुप्पट सांगितले. आणि ३०० वर जायचंच नाही. पाचशेच्या खाली गेलं की पोटातलं खाद्य पातळ होऊन घुसळतं आणि आम्ल जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या तोंडाशी लागतं. त्या भागाला श्लेष्माचं संरक्षण नसतं, तिथे अल्सर होतो. कालपर्यंत खाणारं जनावर पांढरं पडतं, काळी विष्ठा टाकतं, कधी एकदम मरूनच सापडतं. शिवाय धूळ वाढते, पीठ फीडरमध्ये अडकून बसतं आणि वीजही जास्त लागते. सहाशे-सातशे मायक्रॉन ही वाढत्या डुकरांसाठी समंजस जागा आहे.

१००० वरून ६५० वर आलात तर बचत साधारण ४%. एका डुकराला ७५ किलो वाढीसाठी सव्वादोनशे किलो खाद्य लागतं, शंभरांना साडेबावीस टन, वर्षाला साडेसदुसष्ट. त्याचे ४% म्हणजे २.७ टन. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच २.९ टन. मुद्दल बाजूला, वीज बाजूला, पहिल्या वर्षी बचत व्याजालाही पुरत नाही. हे यंत्र घेऊ नका.

दळण मात्र सुधारा, जुन्याच मिलवर. ती बंद करून, वीज तोडून उघडा. बीटरच्या, म्हणजे त्या फिरत्या पट्ट्यांच्या, कडा बोटाने चाचपा. गोल झाल्या असतील तर उलटून लावा, चारही कडा झिजल्या असतील तर बदला. जाळी उजेडात धरा. एक जरी भोक फाटलेलं असेल तर अख्खे दाणे तिथूनच सुटतात. जाळी ६ मिमीची असेल तर ३ मिमीची लावा आणि दळलेला नमुना चाळणीच्या संचावर तपासून घ्या. विष्ठेतला तुकडा बोटांत चिरडून पाहा. आत पांढरं पीठ निघालं तर दळण जाड आहे. नुसतं पिवळं साल असेल तर ते कितीही दळलं तरी फारसं पचणार नाही, त्याची काळजी सोडा. जाळी आणि बीटर मिळून खर्च टनभराच्या आतच राहावा, आणि चार टक्क्यांतला बराचसा भाग इथेच मिळतो.

तुम्ही जे विचारलं नाही, त्यात यापेक्षा जास्त पैसा जातोय.

साडेसदुसष्ट टनांवर ८% जादा दर म्हणजे वर्षाला ५.४ टन. उत्तम दळणातून जे मिळेल त्याच्या दुप्पट तुम्ही दुकानदाराला देता, दरवर्षी, आणि ते व्याज वाटत नाही कारण ते दरात मिसळलेलं असतं. एका बॅचचं साडेबावीस टनांचं भांडवल तुमचं स्वतःचं असतं तर त्यावर वर्षाला २४% सुटले असते. असा परतावा खात्रीने देणारी दुसरी गुंतवणूक मला माहीत नाही. आणि हा खड्डा उघडा असताना तुम्ही वर्षाला १० टन एका पॉलिसीत टाकताय, जिचा परतावा मुदत पूर्ण झाल्यावर, पत्रातल्या आकड्यांवरून, ५% च्या आसपास येतो. हे विकणाऱ्याने तुमचा धंदा कसा चालतो हे एकदा तरी विचारायला हवं होतं. विमा म्हणूनही ती तोकडी आहे. विम्याची रक्कम हप्त्याच्या दहापट, म्हणजे १०० टन. तुम्ही उद्या नसलात तर घरच्यांकडे दीड वर्षाच्या खाद्याइतकेच पैसे.

तीस भरले, बारा मिळणार, अठरा गेले. हे वाचताना जिवाला लागेल, मला कळतं. पण ते अठरा वसूल करायला पुढचे बारा हप्ते भरावे लागतील, आणि तरीही परतावा २४% च्या जवळपास येणार नाही. हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ ठेवता येते, पण मग ते १२ टन मुदतीपर्यंत तिथेच अडकून राहतील, आणि इथे २४% वाचतायत. मोडलेली बरी.

मोडल्यावर १२, न भरलेला हप्ता १०, हातातले ६: एकूण २८ टन. एक अख्खी बॅच रोखीने उभी राहते आणि साडेपाच टन उरतात. त्यातून जाळी-बीटर आणि एक चांगला वजनकाटा घ्या, उरलेल्याला आजारपण आलं किंवा डुकरांचा दर पडला तरच हात लावायचा, एरवी नाही. बॅच विकली की पुढच्या बॅचच्या खाद्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग घरखर्च. हे चुकलं तर वर्षभरात उधारी परत येईल. दुकानदाराला रोखीचा दर आधी लेखी विचारा. तो खरंच ८% उतरत नसेल तर दुसरा पुरवठादार शोधा, नाहीतर हा सगळा हिशोब कोसळतो.

पॉलिसी आजच मोडू नका. आधी साधा मुदत विमा घ्या, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही आणि म्हणूनच हप्ता हलका असतो. आरोग्याची माहिती खरी लिहा. तो मंजूर होऊन कागद हातात आला की मगच जुनी पॉलिसी बंद करा. चौथ्या हप्त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे. गिरणीच्या विक्रेत्याला नाही म्हणून कळवायला फोन पुरेल.