मज्जारज्जू, मज्जा आणि मगज

प्रश्न असा आलाय: ‘पुरुषी संप्रेरकांचा मज्जारज्जूतल्या पेशींवर परिणाम होतो’ या वाक्यातल्या पेशी रक्त तयार करणाऱ्या का? आणि मज्जारज्जू बरोबर की मेरुरज्जू?

रक्ताचा काही संबंध नाही. हाडांच्या पोकळीत रक्तपेशी बनवते ती अस्थिमज्जा. मेंदूपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरते ती मज्जारज्जू. तरी ‘मज्जारज्जूचं प्रत्यारोपण’ कानावर पडतंच! अहो, प्रत्यारोपण अस्थिमज्जेचं होतं. ही दोरी बदलून द्यायची सोय अजून कुणाकडे नाही.

संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्स ‘मज्जा’ला ‘मज्ज्’ म्हणजे बुडणे या धातूशी जोडतात: हाडात बुडालेली ती मज्जा. ऐकायला गोड, पण शेजारच्या भाषा वेगळंच सांगतात. जुन्या इराणी धर्मग्रंथात, अवेस्तात ‘मझ्ग’, फारसीत ‘मग्ज’, रशियनमध्ये ‘मोझ्ग’. म्हणजे वाण्याकडची मगज बी, डोक्यातला मगज आणि आपली रोजची मगजमारी ही सगळी मज्जेची चुलत भावंडं! रशियन माणूस मेंदूला नुसतं मोझ्ग म्हणतो, मज्जारज्जूला ‘पाठीचा मोझ्ग’, अस्थिमज्जेला ‘हाडाचा मोझ्ग’. लॅटिन ‘मेड्युला’ही हाडात आणि पाठीत दोन्हीकडे नांदतो. टणक कवचातला मऊ गर, एवढाच मूळ भाव. मग विश्वकोशाला ‘मेरुरज्जू’ कशाला हवा होता? मेरूने, म्हणजे पाठीच्या कण्याने, जागा कळते, आत काय आहे ते नाही.

हां, संप्रेरकं. रॅट जातीच्या उंदरात मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात, शिश्नाच्या बुडाचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचा पुंजका असतो. नरात सुमारे २००, मादीत साधारण त्याच्या एक तृतीयांश. हे ब्रीडलव्ह आणि अर्नोल्ड या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं. जन्माआधी या पेशी नर-मादी दोघांतही असतात. मादीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरेसं नसल्याने स्नायू झडतात आणि त्यांच्यामागोमाग बऱ्याच पेशी मरतात. जन्माच्या सुमारास मादीला ते टोचलं तर दोन्ही तगतात. वाढलेल्या नराचे वृषण काढले तर मात्र संख्या तीच राहते; पेशी लहान होतात, त्यांच्या फांद्या आखडतात आणि टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा पसरतात.

म्हणून त्या वाक्यातला खरा ढिसाळ शब्द ‘मज्जारज्जू’ नव्हे, ‘परिणाम’ आहे. जन्माच्या सुमारास संप्रेरक पेशी राखतं, मोठेपणी पोसतं. जे होतं ते क्रियापद लिहा.