नोकरी सोडून हळदीचा धंदा? राजीनाम्याआधी एवढं बघा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई सांगलीत एका शोरूमला 11 वर्षं अकाउंट्स बघतात, पगार 26,000, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत 24,000, घराचा हप्ता धरून खर्च 34,000 आणि पतसंस्थेत 4 लाखाची ठेव. आता नोकरी सोडून हळद पावडर आणि कांदा-लसूण चटणी पॅक करून विकायचीय. सासरे म्हणतात प्लॉट घ्या, आई म्हणते नोकरी सोडू नको, आणि ताई मला लिहितात की तुम्ही हो म्हणालात तर सोडते.

अहो मी हो म्हणून काय उपयोग, हप्ता तुम्हालाच भरायचाय. तेव्हा हो-नाही तुम्हीच ठरवा, मी फक्त आकडे मांडतो.

तुमचा हिशेब असा आहे, मशीन 1 लाख 80 हजार, 10 क्विंटल हळद 16,000 नी म्हणजे 1 लाख 60 हजार, खोलीचं डिपॉझिट आणि पॅकिंग 50,000. झाले 3 लाख 90 हजार. म्हणजे पहिल्या दिवशी ठेव संपली आणि घरात दरमहा 10,000 कमी पडायला सुरुवात. अकाउंटवाल्या माणसानं हे कसं सोडलं मला कळेना :) शिवाय दळताना घट येते ती धरली नाहीय, आणि किराणावाले रोख देत नाहीत, माल ठेवून जा म्हणतात, दीड-दोन महिन्यांनी थोडे पैसे देतात. मार्केट यार्डात सौदे जोरात असतात तेव्हा उन्हाळ्यात वर्षाचा माल घ्यायचा आणि विकायचा वर्षभर, म्हणजे पैसा पोत्यात अडकला. नफा असून हातात पैसे नसतात ते असे.

तर मी काय करेन, मशीन अजिबात घेणार नाही. गिरणीत किलोवर पैसे देऊन हळद दळून मिळते, चटणी कुटायला डंक आहेच. यंदा 3 क्विंटलच घ्या, 48,000 लागतील, नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार विका. तशीही आपल्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते, नोकरी करणाऱ्या बायकांना ती करायला वेळ नसतो, तुमचं खरं गिऱ्हाईक तिथंय, हळदीपेक्षा चटणीतच जास्त सुटेल असं मला वाटतं. सगळा खर्च जाऊन सलग तीन महिने 10,000 उरले की राजीनामा लिहा, मग सासऱ्यांना विचारत बसू नका. तोवर 2 लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, बाजूला. त्याला धंद्यासाठी हात लावायचा नाही, सोनंही गहाण नको.

त्या ठेवीचंही बोलू. बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. टक्का-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकाच ठिकाणी ठेवलंय, मुदत संपली की ते 2 लाख बँकेत हलवा. आणि पावतीवर पहिलं नाव मिस्टरांचं का हो? पैसे तुमच्या पगारातले ना. भांडू नका, पण नवीन खातं तुमच्या नावानं काढा, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, तीही तुमच्याच नावावर करा, ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

सबसिडीच्या कर्जाचं विचारलंय. पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिची सबसिडी रोख हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत अडकून असते आणि मग कर्जात वळती होते, तोपर्यंत हप्ते चालूच. पुढं मशीन घ्यायची वेळ आली की बघू.

राजीनामा देताना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशेबानं मालकानं द्यायची रक्कम, ती मागायची. आमच्यात पद्धत नाही असं मालक म्हणाले असतील तर 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं कायदा आहे, पद्धतीचा प्रश्न नाही. तुमचा बेसिक 14,000, त्याला 15 नी गुणा, 26 नी भागा, गुणिले 11, साधारण 88,800 येतात. सोडून देऊ नका, एवढ्यात अर्धं मशीन येतंय.

राहिली ती मारुती चौकाजवळची तळमजल्याची खोली. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, 2021 ला परत पूर आला. हळद एकदा भिजली की संपली. भाडं इतकं कमी का आहे ते मालकाला एकदा विचारा, आणि भिंतीवर डाग कुठपर्यंत आहे तेही बघून या.