शनिवार-रविवारच्या दहा तासांची किंमत तासाला २०० रुपये धरून निघत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, घर नांदेडला, आणि शनिवार-रविवार मिळून दहा तास वेबसिरीज बघण्यात जातात. मित्रानं तासाला २०० रुपये धरले आणि आठवड्याला २,००० म्हणजे वर्षाला लाखाच्या वर रुपये बुडतात असं सांगितलं. हे खरं का?

मित्राचा हिशोब चुकलाय. पण खरा हिशोब त्याहून जड निघू शकतो.

मी परभणी जिल्ह्यात शेती करतो. संधी-खर्च, म्हणजे एक गोष्ट निवडली की त्यापायी जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, हा शब्द बी.कॉम.ला शिकलो, पण ती गोष्ट घरात त्याआधीपासून बोलली जायची. कालव्याच्या भरवशावर ऊस लावला की ते रान वर्षभर अडकतं. त्याच रानात खरिपाला सोयाबीन आणि त्यामागं हरभरा निघाला असता. म्हणून उसाचं बिल हातात आलं तरी वडील विचारायचे, "सोयाबीन-हरभऱ्यात काय सुटलं असतं?" वसमतकडच्या पाहुण्यानं हळदीत किती कमावले, हे मात्र त्या हिशोबात कधी आलं नाही. आमच्याकडं हळदीचं बेणं नव्हतं आणि तेवढं पाणीही नव्हतं. जे आपण करणारच नव्हतो, ते सोडलं असं म्हणता येत नाही.

तुमच्या मित्रानं हळदीचा हिशोब लावलाय. रविवारी दुपारी तुम्हाला तासाला २०० रुपये कोण देणार होतं? कुणीच नसेल, तर ते पैसे तुमचे नव्हतेच. सिरीज लावली नसती तर त्या तासात तुम्ही खरोखर काय केलं असतं, तीच त्या तासाची किंमत. आठवडाभर राबून आलेला माणूस शनिवारी दुपारी नाहीतरी नुसता पडूनच राहिला असता. त्याला पहिला भाग जवळजवळ फुकट पडतो. तो खुशाल बघा.

पुढच्या भागांचं तसं नाही. किंमत भागागणिक चढत जाते, आणि हे मला कॉलेजात नाही, मागच्या मार्गशीर्षात कळलं. शेतीच्या लाईटची आमच्याकडं पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. शेतातल्या आखाड्यावर (गोठ्यापाशी) बाजेवर बसून लाईटची वाट बघत होतो, म्हणून मोबाइलवर एक सिरीज लावली. त्या भागाचं मला आजही काही वाटत नाही, तो वेळ तसाही वाट बघण्यातच जाणार होता. बाराला लाईट आली. मोटार चालू केली, तुषार सिंचनाचे पाइप हरभऱ्याच्या एका पट्ट्यात लावले आणि परत बाजेवर आलो. तीन तासांनी पाइप हलवायचे होते. एरवी गजर लावून तेवढी झोप काढतो. त्या रात्री गजर लावलाच नाही, जागाच आहे म्हणून. दुसरा भाग संपला, तिसरा आपोआप सुरू झाला, मग चौथा, पाचवा. भानावर आलो तेव्हा साडेचार वाजले होते.

भारी काळ्या रानात हरभऱ्याला जादा पाणी सोसत नाही. आठवड्याभरात तो पट्टा पिवळा पडायला लागला. एक झाड उपटून बघितलं, तर मुळाची माती चिखलासारखी बोटांना चिकटली. आणि सकाळी लाईट गेली तेव्हा शेवटचा पट्टा कोरडाच होता.

एवढं तरी डोळ्यांना दिसलं. धार काढून दूध डेअरीला घालणं माझ्याकडं असतं. त्या सकाळी घरी येऊन मी जो झोपलो तो अकराला उठलो. धार बायकोनं काढली, दूधही तिनंच घातलं, पोरीचा डबा व्हायला उशीर झाला आणि पोरीची शाळेची एसटी चुकली. बघितलं मी, किंमत भरली त्या दोघींनी. ही गोष्ट मला हरभऱ्याच्या पट्ट्यापेक्षा जास्त लागली.

यात सगळा दोष बघणाऱ्याचा नाही, हेही सांगतो. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा आठवड्याला एक भाग मिळायचा. कितीही ओढ असली तरी पुढच्या रविवारपर्यंत थांबावंच लागायचं. नेटफ्लिक्सनं २०१३ मध्ये एका मालिकेचे १३ भाग एकाच दिवशी सोडले. पुढचा भाग आपोआप सुरू करायची सोय त्याच्या आदल्या वर्षीच आली होती. आमची स्पर्धा झोपेशी आहे, असं त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये उघडपणे म्हणाले होते. म्हणून ती आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद करा. मी केली. दर भागाच्या शेवटी बोट उचलावं लागतं, आणि तेवढ्या वेळात 'आता याऐवजी काय राहतंय' हे मनात येतं.

"सहा भाग बघितले, आता संपवूनच टाकू" हेही मनातून काढा. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलेल्या उसाचा खोडवा ठेवणारे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर पुन्हा ऊस घेणारे, आमच्याकडं असंच म्हणतात, लावणीला इतका खर्च झालाय! झालेला खर्च दोन्हीकडून गेलेलाच असतो. विचार करायचा तो पुढच्या पाण्याचा.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे: 'दिवाळीपासून घरी गेलो नाही, वेळच मिळत नाही.' हिशोब तिथून सुरू करा. तुमच्या दहा तासांतल्या शेवटच्या सहा-सात तासांची किंमत त्याच ओळीत आहे असं मला वाटतं. शुक्रवारी रात्री पुण्यात गाडीत बसलात की शनिवारी सकाळी नांदेड, आणि रविवारी रात्री परत. जाताना दोन-तीन भाग डाउनलोड करून घ्या. गाडीतल्या त्या तासांना दुसरं गिऱ्हाईक नाही.