मॅडलिन मॅककॅनच्या शोधात इंटरनेटवरच्या हौशी तपासनीसांनी खरंच काही शोधून काढलं का?

तुमचा प्रश्न असा: २००७ साली पोर्तुगालमधून नाहीशी झालेल्या तीन वर्षांच्या ब्रिटिश मुलीवर, मॅडलिन मॅककॅनवर, जगभरचे लोक आजही रात्र-रात्र जागून खल करतात, त्यातून कधी काही हाती लागलं का? आणि तुम्हालाही या प्रकरणाचं वेड लागलंय, तर अशा एखाद्या गटात शिरावं का?

पहिल्याचं उत्तर: माझ्या पाहण्यात तरी नाही. दुसऱ्याचं जरा लांबेल.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते, इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. मॅककॅन कुटुंबाचं रॉथली गाव शहरापासून पाचेक मैलांवर आहे. त्या मे महिन्यात तिथल्या युद्धस्मारकाभोवती पिवळ्या रिबिनी आणि टेडी बेअरचा ढीग लागला होता. मॅडलिनचे वडील जेरी इथल्याच ग्लेनफील्ड हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञ आणि आई केट जवळच्या गावात डॉक्टर होत्या. त्यामुळे या विषयावर मत नसलेला माणूस आमच्या भागात सापडणं कठीण. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून ‘आईबापांनीच केलं, मी सांगतो’ असं छातीठोक सांगणारे मला भेटलेत. कशावरून, असं विचारलं की ‘ती टीव्हीवर रडली नाही’.

ज्यावर वाद नाही ते एवढंच आहे. ३ मे २००७, अल्गार्व किनाऱ्यावरचं प्राया दा लुझ गाव, ओशन क्लब नावाचं रिसॉर्ट, तळमजल्यावरचं ५ए अपार्टमेंट. मॅडलिनचा चौथा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. ती आणि तिची दोन वर्षांची जुळी भावंडं आत झोपली होती. आईवडील मित्रमंडळींबरोबर त्याच आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवत होते आणि अधूनमधून कुणीतरी उठून मुलांना बघून येत होतं. मागचं सरकतं दार कुलूपबंद नव्हतं. रात्री दहाच्या सुमारास केट खोलीत गेली तेव्हा मॅडलिनचा बिछाना रिकामा होता. यापुढच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर कुणी ना कुणी भांडतं.

एवढे हौशी तपासनीस याच प्रकरणाला का चिकटले, याचं एक साधं कारण आहे. सप्टेंबर २००७ मध्ये पोर्तुगीज पोलिसांनी आईवडिलांनाच औपचारिक संशयित ठरवलं. जुलै २००८ मध्ये पुरावा नाही म्हणून तो शिक्का काढला आणि प्रकरण बंद केलं. तिथल्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या तपासाची कागदपत्रं बघायला मिळतात, त्यामुळे जबाब, फोटो, फोनच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल अशी हजारो पानं बाहेर आली. हौशी मंडळींनी ती पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणून इंटरनेटवर टाकली. मी ती बरीच वाचली आहेत. हे भाषांतराचं काम कष्टाचं होतं आणि त्याबद्दल त्या मंडळींना मनापासून मानते. पण पानं मिळाली म्हणजे ती वाचता येतात असं नाही.

माझ्या धंद्यातलंच उदाहरण देते. २००७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनहून दोन प्रशिक्षित कुत्रे तिथे नेले. एक मृतदेहाचा वास ओळखणारा, दुसरा रक्ताचा. अपार्टमेंटमध्ये आणि मॅककॅननी भाड्याने घेतलेल्या गाडीपाशी त्यांनी खूण दिली. ही गाडी मॅडलिन नाहीशी झाल्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळाने घेतलेली होती. तिच्या डिकीतला नमुना बर्मिंगहॅमच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि अहवालात एक आकडा आला: मॅडलिनच्या डीएनए प्रोफाइलमधल्या १९ घटकांपैकी १५ घटक त्या नमुन्यात दिसतात.

झालं. १९ पैकी १५ म्हणजे जवळजवळ ८० टक्के, म्हणजे ती त्या डिकीत होती. हे गणित मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता राग यायचाही थांबलाय. पण अहवालातलंच पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. त्या नमुन्यात एकूण ३७ घटक होते आणि ते किमान तीन माणसांचे, कदाचित पाचांचे, एकमेकांत मिसळलेले होते. यातला कुठला घटक कुणाचा, हे सांगायची सोय नव्हती. शिवाय मुलीचे निम्मे घटक आईकडून, निम्मे वडिलांकडून आलेले असतात, आणि गाडी वापरत होते तिचेच आईवडील आणि नातेवाईक. त्यांचेच घटक एकत्र झाले तरी मॅडलिनसारखं काहीतरी दिसणारच. अहवाल देणाऱ्या शास्त्रज्ञाने तर लिहून ठेवलं होतं की मॅडलिनच्या प्रोफाइलमधले काही घटक आमच्या प्रयोगशाळेतल्या बऱ्याच जणांमध्ये, माझ्यातसुद्धा, आहेत. निष्कर्ष होता: अर्थ लावता येत नाही इतकं गुंतागुंतीचं. आमच्याकडे असा रिपोर्ट आला तर आम्ही नवा नमुना मागतो. इंटरनेटवर त्यावर वर्षानुवर्षं निकाल लागत राहिले.

कुत्र्यांबद्दलही तसंच. कुत्र्याने खूण दिली की तिथे शोधायचं असतं. शोधून काही ठोस सापडलं तरच त्या खुणेला पुराव्याचं वजन येतं.

दुसरी गोष्ट त्या चित्रातल्या माणसाची. मॅककॅनच्या गटातल्या एका बाईंनी सव्वानऊच्या सुमारास एक माणूस दोन्ही हातांवर आडव्या झोपलेल्या मुलाला घेऊन रस्ता ओलांडताना बघितला होता. त्याचं चेहरा नसलेलं रेखाचित्र जगभर फिरलं. हौशी मंडळींनी या माणसावर किती घाम गाळला! त्याचे बूट, केसांची ठेवण, चालायची दिशा, त्या वळणावर दिव्याचा उजेड किती असेल, आणि मुळात त्या बाई खोटं बोलतायत का. २०१३ मध्ये लंडनच्या पोलिसांनी जाहीर केलं की तो माणूस बहुधा रिसॉर्टमधलाच एक ब्रिटिश पर्यटक होता, रात्रीच्या पाळणाघरातून स्वतःच्या मुलीला घेऊन खोलीवर चाललेला. सहा वर्षांचे सगळे तर्क एका दिवसात गेले. त्याबरोबर सव्वानऊ ही वेळही गेली आणि पोलिसांचं लक्ष रात्री दहाच्या सुमारास एका आयरिश कुटुंबाने बघितलेल्या दुसऱ्या माणसाकडे वळलं. ज्यांनी सव्वानऊच्या पायावर सिद्धान्तांचे मजले चढवले होते, त्यातल्या फारच थोड्यांनी ते उतरवले. बाकीच्यांनी त्या पर्यटकालाच कटात घेतलं.

मला या छंदाची खरी भीती इथे वाटते. त्याला ‘आपलं चुकलं’ म्हणायची जागाच नाही. पोलीस अधिकाऱ्याचा संशय कधीतरी न्यायालयासमोर टिकावा लागतो, आमच्या लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. इथे मात्र टोपणनावाने काहीही लिहा. आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो खऱ्या नावाचा, खऱ्या पत्त्याचा माणूस असतो. प्राया दा लुझमध्ये राहणारा एक ब्रिटिश गृहस्थ पहिल्या दिवसांत पोलिसांना भाषांतर करायला पुढे आला, तर ‘इतकी मदत का करतोय’ म्हणून त्याच्यावरच संशय गेला. त्याच्या विरोधात काहीच निघालं नाही. जुलै २००८ मध्ये ११ ब्रिटिश वृत्तपत्रांनी मिळून त्याला ६ लाख पौंड भरपाई दिली. त्याआधी मार्चमध्ये एका वृत्तपत्रसमूहाने मॅककॅन दांपत्याला साडेपाच लाख पौंड देऊन पहिल्या पानावर माफी छापली होती. वृत्तपत्राला निदान मालक असतो, त्याच्यावर दावा लावता येतो. टोपणनावावर कुठे लावणार?

म्हणजे मदत केली तर संशयित, रडली नाही तर संशयित, वकिलाच्या सल्ल्याने गप्प बसली तर पक्की गुन्हेगार. केटने संशयित म्हणून झालेल्या चौकशीत ४८ प्रश्नांना उत्तर दिलं नाही, हे तुम्हाला प्रत्येक चर्चेत ऐकवलं जाईल. संशयिताला तो हक्क तिथला कायदाच देतो, हे कुणी ऐकवणार नाही. मुलांना तसं एकटं सोडून जेवायला जाणं मला स्वतःला पटत नाही, हेही लिहून टाकते. पण न पटणं आणि पुरावा यांत अंतर आहे.

मग धागा आला कुठून? जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी एक संशयित जाहीर केला, तेव्हा ४३ वर्षांचा, त्या काळात अल्गार्वमध्ये राहिलेला, लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेला. त्यांनी लोकांपुढे अगदी नेमक्या गोष्टी ठेवल्या: दोन फोन नंबर, त्यातल्या एकावर त्या संध्याकाळी झालेला अर्ध्या तासाचा कॉल, एक जुनी फोक्सवॅगन कॅम्पर आणि एक जॅग्वार, जी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर झाली. या माणसाकडे पोलीस वळले ते त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून आणि स्वतःच्या नोंदींवरून. रेखाचित्रं ताणून बघणाऱ्यांच्या यादीत तो नव्हता. त्याने आरोप नाकारलेत आणि हे लिहीपर्यंत या प्रकरणात त्याच्यावर खटला उभा राहिलेला नाही. २०२३ मध्ये अल्गार्वमधल्याच अरादे धरणाकाठी आणि २०२५ मध्ये प्राया दा लुझजवळ खोदकाम झालं. मॅडलिन सापडलेली नाही. म्हणून त्यालाही मी ‘संशयित’च म्हणेन, तुम्हीही म्हणा.

हौशी माणसाच्या हातून काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण अमेरिकेतल्या मिनेसोटाचं एक प्रकरण मला खोटं पाडेल. २२ ऑक्टोबर १९८९ ला सेंट जोसेफ गावात ११ वर्षांचा जेकब वेटरलिंग भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवरून दुकानातून परत येत होता. बुरखा घातलेल्या, हातात बंदूक असलेल्या माणसाने तिघांना अडवलं, दोघांना पळायला लावलं आणि जेकबला नेलं. पुढची वीसहून अधिक वर्षं काही नाही. २०१० मध्ये जॉय बेकर या बाईंनी त्यावर लिहायला सुरुवात केली. व्यवसायाने ना पोलीस, ना पत्रकार. त्यांच्या लिखाणातून ओळख झाली ती १९८९ च्याच जानेवारीत जवळच्या कोल्ड स्प्रिंगमध्ये पळवून नेऊन सोडून दिलेल्या एका मुलाशी, जो आता मोठा झाला होता. मग पेन्सव्हिल या छोट्या गावच्या स्थानिक वृत्तपत्रातली १९८७ ची बातमी हाती लागली: गावातल्या मुलांवर अंधारात हल्ले करणारा कुणीतरी आहे. दोघांनी ती आता प्रौढ झालेली मुलं शोधली, प्रत्यक्ष भेटून बोलती केली. विस्मरणात गेलेली एक मालिकाच पुन्हा समोर आली. पुढे पोलिसांनी कोल्ड स्प्रिंगच्या मुलाच्या जपून ठेवलेल्या कपड्यावरचा डीएनए नव्याने तपासला, तो पेन्सव्हिलच्याच डॅनी हाइनरिकशी जुळला. १९९० मध्ये याच माणसाची चौकशी करून त्याला सोडून दिलेलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने जेकबला पुरलं होतं ती जागा दाखवली आणि कोर्टात कबुली दिली.

बेकरबाईंनी आधी नाव ठरवून मग पुरावा जुळवला नाही. जुनं वर्तमानपत्र, गाडीने केलेल्या फेऱ्या, आणि बोलायला तयार नसलेल्या माणसांसमोर धीराने बसणं, एवढंच. तपासात आधी कुणी एकत्र मांडलेली नव्हती अशी माहिती त्यांनी आणली. मॅडलिनच्या प्रकरणात बहुतेक जण आधीचीच पानं पुन्हा पुन्हा पिंजतात.

आणि एक आपल्याकडचं, कारण मुलाच्या नावाने संशय पसरला की काय होतं हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेले होते. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजनी तो संशय आधीच पेरून ठेवला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

तर गटात शिरायचं का? वाचायला जा, हरकत नाही. लिहाल तेव्हा जिवंत माणसाचं नाव घेऊ नका, आणि खरोखर काही कळलं तर ते गटात न टाकता थेट तपास करणाऱ्या पोलिसांना कळवा. हात शिवशिवतच असतील तर युरोपोलचं ‘ट्रेस अॅन ऑब्जेक्ट’ बघा. २०१७ पासून ते मुलांच्या शोषणाच्या चित्रांतली फक्त एखादी वस्तू कापून लोकांसमोर ठेवतात: पिशवी, पडद्याचं कापड, शाम्पूची बाटली. ही कुठे मिळते, एवढंच विचारतात. तिथे तुमची चिकाटी कामाला येईल, आणि तुमचं उत्तर चुकलं तरी कुणाच्या दारावर दगड पडणार नाही.

भारतात असाल तर आणखी जवळचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, ‘चोवीस तास थांबा’ म्हणता येत नाही. हे पुष्कळ आईबापांना ठाऊक नसतं, त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणारा माणूस हवा असतो. एकटं फिरणारं मूल दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. आणि ‘हरवला आहे, पुढे पाठवा’ असा फोटो आला तर आधी त्यावरची तारीख बघा, पोलीस ठाण्याचं नाव असेल तर तिथे फोन करून विचारा. बऱ्याचदा ते मूल केव्हाच घरी पोचलेलं असतं, आणि त्याच्या वडिलांचा नंबर मात्र अजून दिवसरात्र वाजत असतो.