पहिल्या ओळीतलं नाव

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिरोळ भागातल्या उसाच्या मुळांजवळच्या मातीतून मी एक जिवाणू वेगळा केला. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, बाहेरच्या लॅबमधून करून घेतला आणि ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामला टाकला. सगळ्यात वर 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' (लॅबमध्ये न वाढवलेला, बिननावाचा जिवाणू) आलं, त्याखाली बॅसिलस सिरियस, मग बॅसिलस थुरिंजिएन्सिस. सगळे ९९ टक्क्यांच्या वर, ई-व्हॅल्यू सगळीकडे शून्य. मैत्रिणी म्हणतात, नाव असलेलं पहिलं लिहून मोकळी हो. लिहू का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नको लिहूस. जिवाणू तुझ्या प्लेटवर जिवंत वाढतोय आणि यादीतली एक ओळ बघून त्याचं बारसं उरकायचं, हे मला पटत नाही.

१९९० साली आल्टशूल, लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लास्ट मांडलं ते वेगासाठी. आधी ते छोटे जुळणारे तुकडे पकडतं आणि तिथून दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेतं. म्हणजे ते साम्य दाखवतं. नाव त्या नोंदीला आधीच चिकटलेलं असतं, आणि जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात ते सहसा सिक्वेन्स जमा करणाऱ्यानेच दिलेलं असतं. १९८२ पासून जगभरातून तिथे भर पडते आहे. घाईत पहिलं नाव उचलणारेही त्यात आले. तू तेच केलंस तर पुढची कुणी मुलगी तुझी नोंद बघून आपल्या जिवाणूला तेच नाव देईल.

ई-व्हॅल्यूच्या शून्याने हुरळून जाऊ नकोस. एवढी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती, याचा तो अंदाज आहे. हजारभर अक्षरं जुळली की दोन्ही जातींसमोर शून्यच येणार. त्याऐवजी 'क्वेरी कव्हर' बघ, म्हणजे तुझ्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला ते. सिक्वेन्सचा पाव भाग ९९ टक्के जुळला तर त्याला फारसा अर्थ नाही.

लॅबकडून क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्स ज्यावरून वाचला तो शिखरांचा आलेख, मागून घे. तो तुझा हक्क आहे. उघडून बघ : सुरुवातीची शिखरं एकमेकांत घुसलेली, मधली टोकदार, सुटी, आणि शेवटाकडची बसकी, पसरट. त्या दोन्ही टोकांना मशीन अंदाजाने अक्षर लिहितं, नाहीतर 'एन' (ओळखू न आलेलं अक्षर) टाकतं. टोकं काप, मग पुन्हा ब्लास्ट कर. या वेळी रिबोसोमल आरएनएचा (१६एस त्यातलंच) डेटाबेस निवड आणि 'टाइप मटेरियल'वर खूण कर. अनकल्चर्डवाले गळून पडतील आणि जातीचं नाव ज्या मूळ कल्चरवरून ठरलं, त्यांचेच सिक्वेन्स उरतील.

एवढं करूनही सिरियस आणि थुरिंजिएन्सिस वेगळे होणार नाहीत. त्यांचं १६एस जवळजवळ एकच आहे. अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रासिसही याच गोतावळ्यातला. थुरिंजिएन्सिस आपण कीडनाशक म्हणून पिकावर फवारतो, तर सिरियसचे काही स्ट्रेन शिळ्या भातातून उलट्या घडवतात. उद्या तुझ्या प्रबंधावर विसंबून कुणी हे कल्चर शिरोळच्या शेतकऱ्याच्या हातात जिवाणू खत म्हणून दिलं तर? मला काळजी आहे ती याची.

याचं उत्तर मायक्रोस्कोपखाली शोध. कल्चर तीन-चार दिवस वाढू दे, बीजाणू धरू देत, मग कुमासी ब्लूने रंगव. थुरिंजिएन्सिस असेल तर बीजाणूशेजारी गडद निळा स्फटिक दिसेल, बरेचदा दोन्ही टोकांना निमुळता. तो क्राय या कीड मारणाऱ्या प्रथिनाचा. त्याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर असतं, म्हणून १६एसमध्ये त्याचा मागमूसही नसतो. स्फटिक दिसला तर क्राय जनुकाचा पीसीआर कर आणि तो सिक्वेन्स ब्लास्टएक्स या ब्लास्टच्याच प्रकाराला दे. ते डीएनए वाचण्याच्या सहाही शक्य पद्धतींनी (रीडिंग फ्रेम) अमिनो आम्लं काढून प्रथिनांशी ताडतं. नाहीच दिसला, तर 'बॅसिलस सिरियस गट' एवढंच लिही. परीक्षकांनी अडवलं तर स्लाइड पुढे ठेव.

प्रश्न : बारावीच्या मुलांना प्रथिनांचा डेटाबेस दाखवायचा आहे. सुरुवात कशाने करू?
– एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, युनिप्रोट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये पी६८८७१ हा नोंद-क्रमांक टाका. ही माणसाच्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी, १४७ अमिनो आम्लांची. नोंदीवर 'रिव्ह्यूड' असं दिसेल. म्हणजे जाणकाराने ती वाचून तपासली आहे.

मुलांना ग्लुटामिक आम्ल शोधायला लावा. पहिलं ७व्या जागी सापडेल, आणि सिकलसेलचा बदल ६व्या जागी होतो असं त्यांनी वाचलेलं असेल. त्यांना गोंधळू द्या, लगेच सांगू नका. सुरुवातीचं मेथिओनिन पेशीत छाटलं जातं, आणि जुनी गणती त्याला धरत नाही.

मग प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या साठ्यात, २एचबीएस ही नोंद उघडा. हे सिकलसेलचं हिमोग्लोबिन. ग्लुटामिकच्या जागी आलेलं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसलेलं तिथे फिरवून बघता येतं. असे रेणू एकाला एक जोडत जातात आणि त्यांच्या दोऱ्यांनी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नंदुरबार-गडचिरोलीकडे हा आजार घराघरांत सोसला जातो, हेही त्याच तासाला मुलांना सांगा.