ट्रिम राउटर घेताना काय पाहावे?

प्रश्न : फळ्यांच्या कडा गोल करणे, सनमायका कडेशी छाटणे आणि बिजागऱ्यांसाठी खाचा काढणे एवढ्यासाठी एका हातात मावणारा ट्रिम राउटर घ्यायचा आहे. किती वॅटचा घ्यावा?

उत्तर : आपल्या कामांना ५०० ते ७०० वॅटची मोटर पुरते, त्यामुळे वॅटच्या आकड्यात फार अडकू नये, माझ्या मते आधी कोलेट, म्हणजे बिटाचा (कापणाऱ्या पात्याचा) दांडा धरणारी पकड, पाहावे. या यंत्रांना ६ मिमी किंवा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, कोलेट असते. हा फरक किरकोळ वाटला, तरी पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमी दांड्याचे बिट नीट आवळले जात नाही आणि वेगात असताना ते निसटू शकते. म्हणून ज्या मापाची बिटे आपल्याला सहज मिळतात, त्याच मापाचे कोलेट निवडावे.

त्यानंतर बेस, म्हणजे मोटर ज्यात बसते आणि जो फळीवर टेकतो तो तळ, तपासावा. तो आवळल्यावर मोटर हाताने खाली-वर दाबून पाहावी. ती जराशी जरी सरकली, तरी बिजागरीची खाच एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ उतरते. वेग कमी-जास्त करण्याची सोय मात्र हवीच, कारण मोठ्या व्यासाचे बिट पूर्ण वेगात फिरवणे धोक्याचे असते आणि लाकूडही करपते. सनमायकासाठी टोकाला बेअरिंग असलेले बिट घ्यावे. बॅटरीवरचे यंत्र वायरच्या अडचणीतून सोडवते, पण हाताला जड लागते.

यंत्र कोणतेही असो, खोल खाच एका दमात न काढता प्रत्येक फेरीला २ ते ३ मिमीच उतरावे आणि फळीच्या बाहेरच्या कडेने यंत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने न्यावे.